डासांच्या अंड्यांची सुप्तावस्था व डिंभांतील जीवोपजीवी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात अभ्यासाचा इतिहास

डासाचे पूर्ण वाढ झालेले अंडे पाण्याअभावी न फुटता दीर्घकाळ जिवंत राहते, या स्थितीस अंड्याची सुप्तावस्था म्हणतात. अंड्यातून बाहेर पडून पाण्यात वाढणाऱ्या डिंभाच्या (अळीच्या) शरीरात राहून त्याच्यावर उपजीविका करणारे जीव म्हणजे डिंभातील जीवोपजीवी होत. या दोन्ही विषयांचा अभ्यास प्रारंभी स्वतंत्रपणे झाला व बराच काळ त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कोणास वाटले नाही. चिकुनगुन्या या रोगाचा विषाणू दोन साथींच्या मधल्या काळात कोठे राहतो, या प्रश्नाचा शोध घेत असता हे दोन्ही धागे एकत्र आले आणि ते काम मुख्यतः महाराष्ट्रात झाले.

विदर्भाच्या दक्षिण भागातील यवतमाळ जिल्हा (१९०५ पर्यंत वणी जिल्हा) या इतिहासातील दोन स्थळांच्या मध्ये येतो. दक्षिणेस सिकंदराबाद येथे १८९५ मध्ये डासाच्या डिंभातील एक जीवोपजीवी प्रथम पाहिला गेला; उत्तरेस नागपूर येथे १९६५ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली. नागपूर-हैदराबाद हमरस्ता याच जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून जातो. तथापि जिल्ह्याचा या विषयाशी खरा संबंध रस्त्यापेक्षा पाण्याचा आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सु. ९०० ते १,००० मिमी. पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत नदीनाले आटतात, उन्हाळ्यात तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत चढते आणि घरोघरी रांजण, माठ, पिंप व सिमेंटच्या टाक्या यांत पाणी साठवून ठेवावे लागते. पाणी कधी आहे, कधी नाही, अशी भांडी काही डासांना विशेष मानवतात.

अंड्यांची सुप्तावस्था : सर्व डासांच्या अंड्यांना कोरडेपणा सोसत नाही. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या ॲनॉफेलीस डासांची अंडी बाजूस हवेच्या पोकळ्या असलेल्या होडीसारखी असून ती सुटी सुटी पाण्यावर तरंगतात. हत्तीरोगाचा प्रसार करणाऱ्या क्युलेक्स डासाची अंडी एकमेकांस चिकटून तराफ्याप्रमाणे राहतात. पाणी आटले की ही दोन्ही प्रकारची अंडी फार काळ टिकत नाहीत. म्हणून मध्य भारतातील खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारी ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस ही जाती उन्हाळ्यात आटत्या नदीपात्रांतील डबकी व विहिरी यांच्या आधाराने तग धरते.

एडीस ईजिप्ताय या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या डासाची रीत निराळी आहे. याची मादी पाण्यात अंडी न घालता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती चिकटविते. प्रारंभी पांढुरकी असलेली अंडी काही तासांत काळी पडतात. अंडे घातल्यानंतर साधारणतः अर्ध्या दिवसाच्या सुमारास गर्भाभोवती एक जलरोधक पापुद्रा तयार होतो, असे ब्राझीलमधील संशोधनातून २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यापूर्वी भांडे वाळले, तर अंडे आक्रसून मरते. गर्भाची वाढ पुरी होण्यास उबदार हवेत दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर मात्र आत पूर्ण तयार झालेला डिंभ असलेले हे अंडे कोरडे राहूनही अनेक महिने, अनुकूल परिस्थितीत वर्षभरदेखील, जिवंत राहू शकते. अर्थात कडक ऊन व अतिकोरडी हवा यांत हा काळ बराच घटतो. घरातील रांजणाच्या सावलीत असलेल्या अंड्याला जे साधते ते उघड्यावर टाकलेल्या डब्यातील अंड्याला साधेलच असे नाही.

या अवस्थेसाठी शास्त्रज्ञ दोन संज्ञा वापरतात व त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. थंड प्रदेशातील एडीस आल्बोपिक्टस जातीच्या मादीला दिवस लहान होत असल्याची जाणीव झाली की, ती हिवाळ्यापूर्वीच खऱ्या विरामावस्थेतील अंडी घालते. अशी अंडी पाण्यात बुडाली तरी लगेच फुटत नाहीत. एडीस ईजिप्ताय या जातीत असा पूर्वनियोजित विराम नसतो. तिचे अंडे केवळ पाण्याची वाट पाहत असते. पाणी वर चढले की ते फुटू शकते. यवतमाळसारख्या उष्ण प्रदेशात हाच दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे.

पण ‘पाणी मिळाले की अंडे फुटते’ हे विधानही पूर्णपणे खरे नाही. एकाच मादीने एकाच वेळी घातलेल्या अंड्यांपैकी काही पहिल्या भिजण्यात फुटतात, काही दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस फुटतात. जे. डी. गिलेट यांनी १९५५ मध्ये युगांडातील एडीस डासांच्या अंड्यांमध्ये ही विषमता अभ्यासली व तिच्यात आनुवंशिकतेचा भाग असल्याचे दाखविले. पहिली सर फसवी ठरून भांडे पुन्हा वाळले, तरी सगळी संतती नष्ट होत नाही, हा या विषमतेचा लाभ होय. मृगाचा पाऊस पडून मग तीन आठवडे ओढ बसणे हा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास, सगळे बियाणे एकाच दिवशी न पेरण्याचा हा व्यवहार नवा वाटणार नाही. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी या जातीवरील आपल्या १९६० मधील बृहद्‌ग्रंथात अंड्याच्या या सर्व अंगांची तपशीलवार मांडणी केली. क्रिस्टोफर्स यांची उमेद भारतातील हिवताप संशोधनात गेली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

रॉस यांचे निरीक्षण : रोनाल्ड रॉस १८९५ मध्ये सिकंदराबाद येथे लष्करी वैद्यक सेवेत होते. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ मध्ये मांडलेली कल्पना त्यांच्यासमोर होती. तीनुसार हिवतापाचा जंतू रुग्णाच्या रक्तातून डासात जातो, डास पाण्यात मरतो, जंतू त्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्या माणसास ताप येतो. ही कल्पना पडताळण्यासाठी रॉस यांनी डास मेलेले पाणी काही माणसांना पाजूनही पाहिले. निर्णायक असे काही हाती लागले नाही. त्याच सुमारास डासांचे डिंभ व प्रौढ डास यांचे विच्छेदन करीत असता त्यांना एक निराळाच लांबट सूक्ष्मजीव आढळला. तो हिवतापाचा जंतू नसून ग्रेगॅरीन वर्गातील आदिजीव (एकपेशीय प्राणी) होता. १८९८ मध्ये तो शास्त्रीय नावासह नोंदला गेला व आज त्यास ॲस्कोग्रेगॅरायना क्युलिसिस म्हणतात. हिवतापाचा जंतू रॉस यांना याच गावी २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासात सापडला आणि त्यानंतर ग्रेगॅरिनाची आठवण मागे पडली. [⟶ हिवताप].

रॉस यांच्या या शोधाकडे बहुतेक चरित्रकार एक आडवाट म्हणून पाहतात. ते पूर्णपणे न्याय्य नाही. डास पाण्यात मरावा, त्याच्या शरीरातील जंतू पाण्यात उतरावेत व पाण्यावाटे नव्या प्राण्याच्या पोटात जावेत, हा मार्ग हिवतापाच्या बाबतीत चुकीचा ठरला. परंतु रॉस यांना दिसलेल्या ग्रेगॅरिनाचा मार्ग जवळजवळ अगदी तोच आहे. फक्त ते पाणी माणूस पीत नाही, पुढच्या पिढीचा डिंभ पितो.

हे जीवनचक्र सी. एम. वेन्यन यांनी बगदाद येथील एडीस ईजिप्ताय डासांत अभ्यासून १९११ मध्ये प्रसिद्ध केले. भांड्याच्या तळाशी गाळात पडलेल्या बीजाणुपुटी (कठीण आवरणाच्या सूक्ष्म कुप्या) लहान डिंभ अन्नाबरोबर गिळतो. प्रत्येक पुटीत आठ बीजाणुज असतात. ते डिंभाच्या मध्यांत्रातील कोशिकांत शिरून वाढतात व मोठे झाल्यावर आतड्याच्या पोकळीत उतरतात. डिंभाचा कोश होताना आतड्याची मोडतोड होऊन नवे आतडे घडते; त्या धामधुमीत हे जीव उत्सर्जनाच्या मालपीगी नलिकांत स्थलांतर करतात. रूपांतराच्या काळातही या नलिका शाबूत राहतात, हे त्यामागील कारण होय. तेथे त्यांच्या जोड्या जमतात व नव्या बीजाणुपुटी तयार होतात. कोशातून डास बाहेर पडताना, पुढे विष्ठेवाटे आणि अखेरीस मृत डासाच्या शरीरातून त्या पुन्हा पाण्यात येतात.

एच. एन. राय यांनी १९३३ मध्ये एडीस आल्बोपिक्टस डासातील ग्रेगॅरिनाचे वर्णन केले. त्या वेळी ती रॉस यांचीच जाती समजली गेली, १९८० मध्ये तैवानातील नमुन्यांवरून या डासातील ग्रेगॅरीन वेगळ्या जातीचा (ॲ. तैवानेन्सिस) ठरला. प्रजातीचे नावही दोनदा बदलून १९८२ मध्ये आजचे नाव रूढ झाले. जुन्या लेखांतील लँकेस्टेरिया व ॲस्कोसिस्टिस ही नावे याच जीवांची आहेत.

इतर जीवोपजीवींवर भारतात झालेले काम मुख्यतः एम. ओ. टी. अय्यंगार यांचे आहे. बंगालमध्ये त्यांनी ॲनॉफेलीस डिंभांतील सूत्रकृमींचा अभ्यास केला व १९३५ मध्ये सीलोमोमायसीस या कवकाच्या दोन नव्या जाती वर्णिल्या. या कवकाची पहिली जाती कीलिन यांनी १९२१ मध्ये मलायातील एडीस डिंभात नोंदविली होती. मात्र डिंभापासून डिंभास त्याचा संसर्ग प्रयोगशाळेत घडविता येईना, याचे कोडे १९७५ पर्यंत सुटले नाही. कवकाच्या चक्राचा अर्धा भाग पाण्यातील सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यात पुरा होतो, असे त्या वर्षी आढळून आले. अय्यंगार यांच्या सन्मानार्थ १९६४ मध्ये रोमॅनोमर्मिस अय्यंगारी असे नाव मिळालेला सूत्रकृमी डिंभाच्या शरीरात वाढून त्यास फोडून बाहेर पडतो. पाँडिचेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने (स्थापना १९७५) डास नियंत्रणासाठी भातखाचरांत त्याचे प्रयोग केले.

डिंभांच्या वर्तनावरील परिणाम : सूत्रकृमीची बाधा झालेल्या डिंभाची वाढ लांबते व बहुधा त्याचा कोश होतच नाही. पर्णकृमींच्या एका जातीची बाधा झालेल्या एडीस ईजिप्ताय डिंभांच्या हालचाली निरोगी डिंभांपेक्षा वेगळ्या असतात, हे कॅनडातील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखविले. ग्रेगॅरिनाचा परिणाम याहून सौम्य असतो. आपल्या नेहमीच्या पोषक जातीत व भरपूर अन्न असताना तो जवळजवळ जाणवत नाही. अन्न अपुरे पडले की मात्र बाधित डिंभ मंदपणे वाढतात व त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण वाढते. एडीस आल्बोपिक्टस व त्याचा ग्रेगॅरीन यांच्या बाबतीत हे अमेरिकेतील प्रयोगांत स्पष्टपणे दिसले. हा डास १९८५ मध्ये अमेरिकेत स्थिरावलेला आढळला. नव्या ठिकाणी प्रारंभी ग्रेगॅरिनापासून सुटका झाल्याने स्थानिक डासांशी स्पर्धा करणे त्यास सोपे जाते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसते.

सुप्त अंडी व डिंभ यांच्यातील देवाणघेवाण अधिक गुंतागुंतीची आहे. पाण्यात सूक्ष्मजंतू वाढून विरघळलेला ऑक्सिजन कमी झाला की एडीस अंडी फुटतात. ऑक्सिजनची घट हा अन्न उपलब्ध असल्याचा संकेत ठरतो. १९७७ मध्ये गिलेट व त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की, आधी बाहेर पडलेले डिंभ इतर अंड्यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्मजंतू खरवडून खातात आणि त्यामुळे त्या अंड्यांना मिळणारा संकेतच नाहीसा होतो. झाडांच्या ढोलीत वाढणाऱ्या एडीस ट्रायसेरिएटस या जातीत डिंभांची दाटी झाल्यास उरलेली अंडी थांबून राहतात, हे १९८४ च्या सुमारास सिद्ध झाले. भुकेले डिंभ पृष्ठभाग व तळ खरवडत फिरतात आणि त्यांची ही खाण्याची रीत एकीकडे उरलेल्या अंड्यांना थोपवून धरते, तर दुसरीकडे गाळातील बीजाणुपुटी त्यांच्या पोटात पोहोचविते. त्यांपैकी काही डिंभ बाधेने खंगले, तर दाटी कमी होऊन थांबलेल्या अंड्यांना वाट मोकळी होणे तर्कसंगत आहे. म्हणजे जीवोपजीवीमुळे डिंभ मरतात म्हणून डास तितकेच कमी होतात, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही.

विषाणूच्या वास्तव्याचा प्रश्न : भारतात चिकुनगुन्याची साथ प्रथम १९६३ मध्ये कलकत्त्यास आढळली. १९६४ मध्ये मद्रास व १९६५ मध्ये नागपूर येथे ती आली. नागपूरच्या साथीचे अन्वेषण पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) केले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये आलेल्या साथीत गावातील सु. ३७ टक्के लोक आजारी पडले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ देशात या रोगाची मोठी साथ आली नाही. माणसात हा विषाणू थोडेच दिवस रक्तात राहतो व डासाचे आयुष्य काही आठवड्यांचे असते. आफ्रिकेत माकडांसारख्या रानटी प्राण्यांत त्याचे चक्र चालते; भारतात तसा आश्रय निश्चितपणे सिद्ध झालेला नाही. महिनोन्महिने टिकणारे एडीसचे अंडे हे विषाणूचे लपण्याचे ठिकाण असावे, हा पहिला तर्क स्वाभाविक होता. परंतु बाधित मादीकडून अंड्यांवाटे विषाणू संततीत उतरत नाही, असे पुणे येथील प्रयोगांत १९८७ मध्ये आढळले. [⟶ विषाणू].

अंड्याचा मार्ग असा बंद झाल्यावर त्याच संस्थेतील संशोधकांचे लक्ष रॉस यांच्या ग्रेगॅरिनाकडे वळले. विषाणू व ग्रेगॅरीन ही दोन्ही असलेल्या डासांपासून मिळालेल्या बीजाणुपुटी त्यांनी लहान डिंभांना खाऊ घातल्या आणि त्या डिंभांपासून झालेल्या प्रौढ डासांत विषाणू असल्याचा पुरावा त्यांना मिळाला. दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू टिकविण्यास हा जीवोपजीवी हातभार लावीत असावा, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळलेल्या रांजणाच्या भिंतीवर निरोगी अंडी, तळाच्या गाळात विषाणू बाळगणाऱ्या पुटी आणि पाणी पडताच दोहोंची गाठ, असे चित्र त्यातून उभे राहते. रॉस यांनी हिवतापासाठी तपासून सोडून दिलेला पाण्याचा मार्ग शंभर वर्षांनी दुसऱ्या रोगासाठी पुन्हा विचारात घेतला गेला.

या कल्पनेची कसोटी अनपेक्षितपणे लवकर आली. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेशातून सुरू झालेली साथ कर्नाटक व महाराष्ट्रात पसरली आणि २००६ मध्ये देशात सु. १३·९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. जुना विषाणू ग्रेगॅरिनाच्या आश्रयाने टिकून पुन्हा बाहेर आला असता, तर तो १९६३ ते १९७३ या काळातील विषाणूशी जुळावयास हवा होता. प्रत्यक्षात जुना विषाणू आशियाई जनुकप्रकाराचा होता व नवा आफ्रिकी प्रकाराचा निघाला. तो बाहेरून आलेला होता, यात शंका नाही. मात्र तो केव्हा आला, हे तितकेसे स्पष्ट नाही. कारण पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० मध्ये एडीस ईजिप्ताय डासांतून मिळालेला विषाणूही आफ्रिकी प्रकाराचाच होता. (यवत व यवतमाळ या नावांतील सारखेपणामुळे ही नोंद कधीकधी चुकीच्या जिल्ह्यास चिकटते.) साथीपूर्वी पाच वर्षे तो महाराष्ट्रातील डासांत होता, हे यवतच्या नमुन्यावरून कळते, तो मधल्या काळात कसा टिकला, हे कळत नाही. पुढे २०१४ मध्ये ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने या नव्या प्रकाराचा विषाणू प्रयोगात एडीस ईजिप्ताय मादीकडून संततीत उतरतो, असे दाखविले. त्यामुळे १९८७ मध्ये बंद झालेला अंड्याचा मार्ग निदान या प्रकारापुरता पुन्हा उघडला. ग्रेगॅरिनाचा मार्ग प्रयोगशाळेत शक्य ठरला, तरी निसर्गात तो कितपत चालतो, यासंबंधीचा पुरावा तुटपुंजा आहे; २००५-०६ च्या साथीचे स्पष्टीकरण तर त्याने होत नाहीच.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : विदर्भात रांजण-टाक्यांच्या जोडीला हवा थंड करणारे कूलर हे एडीसचे एक मोठे उत्पत्तिस्थान झाले आहे. पावसाळ्यात कूलर बंद होतो. टाकीत उरलेले पाणी हळूहळू आटते आणि पाण्याच्या उतरत्या पातळीबरोबर भिंतीवर अंड्यांचे थर बसतात. मार्चअखेर वा एप्रिलमध्ये टाकी पुन्हा भरली जाते, तेव्हा पावसाचा थेंबही न पडता त्यांतील जिवंत राहिलेली अंडी फुटू लागतात. पावसाळ्याची वाट पाहणाऱ्या अंड्याला माणसाने दिलेला हा आणखी एक पावसाळाच होय. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह हे जलाशय आटून यवतमाळ शहरात तीव्र पाणीटंचाई झाली. नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येते, तेव्हा लोक मिळेल त्या भांड्यात ते साठवितात आणि पाणी अपुरे असल्याने ती भांडी रिकामी करून धुणे टाळतात. टंचाईच्या काळात एडीसची वाढ का होते, याचे कोडे वाटण्याचे कारण नाही.

आरोग्य खात्याने रूढ केलेला आठवड्यातील ‘कोरडा दिवस’ डिंभांच्या वाढीच्या कालावधीवर आधारलेला आहे. उबदार पाण्यात अंड्यातून निघालेल्या डिंभाचा प्रौढ डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. त्याआत पाणी ओतून दिल्यास डिंभ व कोश मरतात. भिंतीवरील अंडी मात्र त्याने मरत नाहीत. भांडे नुसते पालथे घालून उन्हात ठेवणे व त्याची आतली बाजू काथ्याने वा घासणीने खरवडून धुणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. खरवडण्याने अंडी निघतात आणि गाळ धुऊन निघाल्याने त्यातील बीजाणुपुटीही जातात. खरवडलेले पाणी दुसऱ्या भांड्यात किंवा हौदात न ओतता कोरड्या जमिनीवर टाकावे लागते, कारण सुटून आलेली अंडी पाणी मिळाल्यास तेथेही फुटू शकतात.